चौतीसचं माप

हलीमाचाचीने सांगितलं म्हणून मला कळलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे माझं सगळं लिहिणं आईकडे वाहत जाईल आणि चाचीचं नाव राहून जाईल. सुई कशी धरायची ते मला तिनं शिकवलं. तिच्या भाच्याच्या, अश्फाकच्या, ओळखीनं मी इथं मस्कतला शिवणकामाला आले. आणि आमच्या घरात जे मला कुणीच सांगणार नव्हतं, ते तिनं सांगितलं. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा वाक्य कुठं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या. कापड मी सरळ कापते, तेवढं खात्रीनं सांगू शकते.

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आईचं एक मोरपंखी ब्लाउज आहे. पिशवी उघडली की आधी नारळाच्या तेलाचा वास येतो, मग चुलीच्या धुराचा, मग भाताच्या कणगीजवळ येतो तसा कोरडा, नाकात गुदगुल्या करणारा वास. दर वेळी उघडली की थोडा वास उडून जातो, म्हणून मी ती फार उघडत नाही. आज उघडली. उजव्या खांद्याची शिवण विरली आहे, कारण आई हंडा डाव्या कमरेवर घेते आणि पदर उजव्या हातानं ओढून धरते. डाव्या काखेत घामाचा पिवळा चंद्र. मागं हुकांच्या पट्टीला एक हूक काळा, बाकीचे पांढरे. ब्लाउजची छाती चौतीस. मी ती इतक्या वेळा मोजली आहे की आता बोटांनाच चौतीस कळतं.

आमच्याकडं बायका शिंप्याकडं अंगाचं माप देत नसत. मापाचं ब्लाउज देत. जे अंगावर नीट बसतं ते एक जुनं ब्लाउज, पिशवीत घालून, नव्या कापडाच्या घडीत ठेवून. अंगाला टेप लावून घ्यायचा म्हणजे लाज, आणि वेळ तरी कुणाला होता? आमचं गाव खाडीच्या आतल्या अंगाला, म्हसळ्याच्या वाटेवर. वर आम्हा कुणब्यांची घरं आणि भाताच्या खाचरांच्या पायऱ्या. खाली बंदराकडं मोहल्ला. मोहल्ल्यात शिरलं की पहिली ओटी हलीमाचाचीची. शाळा सुटली त्या वर्षी भाताची लावणी आटपल्यावर आईनं मला हाताला धरून तिच्या ओटीवर नेऊन बसवलं. म्हणाली, "हलीमा, हिला ठेव तुझ्याकडं. घरात बसून नुसती रडते."

चाची मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "रडू दे. पर कापडावर न्हाय. डाग पडतो."

त्या ओटीवर मी नऊ वर्षं काढली. एका बाजूला दांडीवर बोंबील वाळत, दुसऱ्या बाजूला शिवून झालेली ब्लाउजं लटकत, आणि चाची दिवसभर काठी उगारून मांजराला आणि वाऱ्याला, दोघांनाही, शिव्या देत असे. पायमशीनच्या चाकाचा आवाज भरतीला वेगळा येई आणि ओहोटीला वेगळा, असं मला वाटायचं. खरंच येत असेल का, कोण जाणे. खुणा करायला खडू नव्हता. अंघोळीच्या लाल साबणाची झिजून पातळ झालेली चकती असे. त्यानं कापडावर रेघ ओढली की ओटीभर नुकत्या अंघोळ केलेल्या पोराचा वास सुटे. तो वास मला अजून कधी कधी येतो. इथल्या दुकानात नाही येत. इथं खुणांना पेन आहे, शाई आपोआप उडून जाते.

बायका यायच्या त्या गौरीच्या आधी, लग्नसराईच्या आधी, ईदच्या आधी. पिशवी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अगदी ह्याच्यासारखंच. हात फकस्त जरा सैल." चाची ते ब्लाउज चटईवर पसरायची, तळहातानं दोनदा सपाट करायची, आणि मोजण्याआधी एकच प्रश्न विचारायची.

"शेवटचं कधी घातलंस?"

"गौरीला की."

"कंच्या गौरीला? ह्या का मागल्या?"

बाई आठवत बसायची, बाकीच्या हसायच्या.

"हसताव काय? दोन गौरींत बाई बदलते. कापड बदलत न्हाय. कापडाला काय ठाव बाईचं काय झालं ते?" चाची म्हणायची. मग टेप उचलायची.

तिचा टेपही सांगण्यासारखा होता. पिवळा, मेणकापडाचा, पहिला इंच झिजून तुटून गेलेला. चाची एकच्या आकड्यावरून धरायची, येईल त्यातून मनात एक वजा करायची, आणि तिचं कधी चुकलं नाही. मीही तसंच शिकले. पस्तीस दिसले की चौतीस. शाळेत जी वजाबाकी मला आली नाही ती ह्या टेपनं शिकवली. इतकी की मस्कतला पहिल्या आठवड्यात, चांगल्या पूर्ण टेपनं मोजूनसुद्धा, मी प्रत्येक मापातून एक वजा करत होते. तीन ब्लाउजं परत आली. मालकीणबाई केरळच्या, हिंदी माझ्यापेक्षा बरं. त्यांनी ती तिन्ही टेबलावर आडवी मांडली आणि विचारलं, "तुमच्या गावाकडं बायका श्वास घेत नाहीत का?" मला रडायला आलं. पण कापडावर नाही रडले.

चाची माप घेऊन थांबत नसे. ती ब्लाउज वाचायची. कुणाचा खांदा कुठल्या ओझ्यानं उतरला, कुणाच्या अंगावर पाजतं पोर आहे. एकदा वरच्या आळीतल्या नव्या नवरीचं ब्लाउज आलं, आणि चाचीनं कुणाला न विचारता शिवणीत दोन बोटं जादा माया सोडली, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं कापड, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. तीन महिन्यांनी ती पोरगी उसवायला घेऊनच आली. मी म्हटलं, "चाची, तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "येताना तिच्या सासूनं पिशवी आणली, तिनं न्हाय. पयल्यांदा असं झालं." म्हणजे ती ब्लाउज वाचायची, पण नुसतं ब्लाउजच वाचायची असं नाही. हे मला तेव्हा कळलं होतं. मग मी ते विसरले कसं, हा विचार करत आता बसते.

थंडीत खाचरांतून वाल वर यायचा. कुणी तरी मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, मडकं उलटं घालून, भोवती गवत पेटवायचं, आणि त्या पोपटीचा वास मोहल्ल्यापर्यंत उतरायचा. आई शेंगा पदरात घेऊन चाचीच्या ओटीवर यायची. दोघी सोलत बसायच्या. आई तेव्हा भरलेली होती. बसली की ओटीची फळी करकरायची, आणि चाची म्हणायची, "सावकाश गो, माझं घर खाडीत जाईल." आई आणखीनच दणकन बसायची. मी मशीनवरून बघायची. तो आवाज, फळीचा, मला हवा आहे. त्याचं माप कसं घेतात?

गेल्या वर्षी आमच्या दुकानात एक पाटीएवढी स्क्रीन आली. त्यातलं ॲप ग्राहकाचा फोटो बघून माप सांगतं. बाईनं फोन समोर टेकवून उभं राहायचं, आपली उंची भरायची, हात जरा अंगापासून लांब धरायचे, आधी समोरून, मग बाजूनं. पडद्यावर हिरव्या रेघेची एक बाई उमटते आणि आकडे येतात. मालकीणबाई खूश. सलाला, सोहार, ओमानात कुठूनही ऑर्डर घेता येणार. मला भरवसा नव्हता. साडीवर उभं राहिलं तर ते यंत्र निऱ्यांना कंबर समजतं. उंची एका बोटानं चुकली तर सगळंच चुकतं. मी म्हटलं, मापाचं ब्लाउज मागवा. त्या म्हणाल्या, "दोन्ही मागवू. दोन्हींत फरक आला तर बाईला विचारायचं." मला ते पटलं. नियम म्हणून पटलं.

दिवाळीनंतर घरून फोन आला की चुलतबहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. मालकीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, दोन वर्षांतून एकदा रजा, तीही एका वेळी एकीलाच. आम्ही शिवणाऱ्या दोघी, मी आणि शीला. शीला पोटुशी होती, तिला एक तर आत्ता जायचं होतं, नाहीतर तिची आईच इकडं येणार होती. मालकीणबाई म्हणाल्या, "तू ठरव. आत्ता गेलीस तर शीला थांबेल. नाहीतर शीला जाईल आणि तू वैशाखात जा." मी आईला विचारलं.

"आता कशाला येतेस?" आई म्हणाली. "लग्नाच्या गर्दीत आपलं बोलणं बी व्हायचं न्हाय. वैशाखात ये. आंबे खाऊ, बसू निवांत."

"तुझी तब्येत?"

"मला काय झालंय? ठणठणीत हाय."

मी म्हटलं, मग लग्नासाठी तुझं ब्लाउज मी शिवून पाठवते. कापड इथलं घेते. माप दे. अश्फाक इथंच मस्कतला असतो, तो तेव्हा गावाला गेला होता, त्याच्याबरोबर तिनं हे मोरपंखी ब्लाउज धाडलं. आणि मला आपलं वाटलं, दुकानातलं यंत्र आहेच, आईचं माप त्यावरही घेऊन बघू. गंमत म्हणून. वहिनीनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. आई पदर खोचून ओटीवर उभी राहिली.

"हात लांब कर आई."

"कशाला? उडायचंय काय?"

"यंत्र बघतंय तुला."

"बघू दे. माझ्यात आता बघण्यासारखं काय ऱ्हायलंय?" आणि ती हसली. वहिनी हसली नाही. हे मला आता आठवतं. तेव्हा मला वाटलं, रेंज अडकली.

पडद्यावर हिरव्या रेघेची आई उमटली. आकडा आला तीस.

माझ्या मांडीवर चौतीसचं ब्लाउज होतं, खऱ्या कापडाचं, खऱ्या घामाचं. मी त्या तीसकडं बघितलं आणि मनात कारणं जमवायला लागले. फोन वाकडा होता. डबा लांब होता. उंची मी आठवणीनं भरली होती. साडी होती. तरी विचारलं, "आई, बारीक झालीस काय?" ती म्हणाली, "वहिनी खायला घालून घालून मला फुगवते, आणि तू म्हणतेस बारीक." माझं समाधान झालं. खरं सांगायचं तर मी समाधान करून घेतलं. चाचीचा एकच प्रश्न होता, नऊ वर्षं कानावर पडलेला, तो मी माझ्या आईला विचारला नाही. विचारला असता तरी ती खोटंच बोलली असती. पण मी विचारलाच नाही.

मालकीणबाईंना सांगितलं, मी वैशाखात जाईन. शीला गेली. जाताना तिनं माझा हात तिच्या पोटावर ठेवला. मी चौतीसचं ब्लाउज शिवलं, जांभळ्या काठाचं, गळ्याला पायपिंग. आयुष्यात इतकं चांगलं मी काही शिवलं नाही. लग्नाचा फोटो आला. आई मांडवात बसलेली, खांद्यावर शाल, आणि शालीतून दिसणारं ब्लाउज असं बसलं होतं की कुठं सुरकुती नाही. मी फोन घेऊन मालकीणबाईंकडं धावले. म्हटलं, "बघा! तुमचं यंत्र तीस म्हणत होतं." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, "चेहरा थकलेला दिसतो गं." मी म्हटलं, लग्नघर आहे, दगदग होणारच. दिवसभर मी त्या फोटोच्या आनंदात शिवत होते.

चार दिवसांनी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, हलीमाचाचीचा फोन आला. ती कधी फोन करत नाही. तिला फोनमध्ये ओरडून बोलायची सवय, पण त्या दिवशी ओरडली नाही.

"बाय, जेवलीस?"

"जेवतेय. काय झालं?"

"आधी जेव."

"चाची, सांग."

तिच्या मागं मशीन नव्हतं चालू. "तू धाडलेलं तुझ्या आईचं ब्लाउज मी आत घेतलं. लग्नाच्या आदल्या दिशी घेऊन आली. दोन्ही बगलांत दोन दोन बोटं, तरी ढगळ. मग पाठीत बी चिमटा घातला. शाल मीच दिली अंगावर टाकायला, माझी. मला म्हणाली, हलीमा, फोटोत तिला दिसता नये. म्हणाली, तिला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी हातातला घास डब्यात ठेवला.

"तेव्हा मी गप ऱ्हायले. लगीन होतं. आता मला झोप लागत न्हाय. पंचवीस वरसं मी बायांची मापं घेते. आत घेतलेल्या शिवणीची दोरी आपोआप सुटत न्हाय, कुणीतरी सोडायला लागते. तुझी आई आन् वहिनी माणगावला डाक्टरकडं जातात दर पंधरा दिसांनी. तुला म्हायत हाय?"

"नाही."

"जातात. मोरपंखी ब्लाउज तिनं मला दाखवून धाडलं. मी विचारलं, शेवटचं कधी घातलंस? म्हणाली, माझी पोर गेली त्या दिशी."

मी गेले त्याला अडीच वर्षं झाली.

डबा तसाच राहिला. मालकीणबाईंकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. शीलाला फोन लावला, तो मला ऐकू येईल असा. शीला दवाखान्यात होती, मुलगी झाली होती, दोन दिवसांची. मी म्हटलं, राहू दे. बदलीची बाई शोधायला मालकीणबाईंनी चार ठिकाणी सांगितलं आहे. कागदपत्रांना वेळ लागतो. सगळे माझ्याशी चांगलंच वागतात. कुणावर रागवावं असं कुणी नाही, आणि त्यानंच जास्त गुदमरतं. लोक म्हणतात, सोडून निघून जा. आईची औषधं माझ्याच कामावर चालतात, हे लोकांना माहीत नसतं.

आता दर शुक्रवारी, मला सुट्टी असते, चाची मोहल्ल्यातून चढ चढून आमच्या घरी जाते. तिची नजर अधू झाली आहे, टेपचे आकडे दिसत नाहीत. ती आईच्या छातीभोवती दोरा घेते, गाठ मारते, आणि वहिनी तो दोरा चाचीच्या टेपला लावून, एक वजा करून वाचते. मी फोनवर बघत असते. आईला आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून तिची जीभ सुटली आहे.

"हलीमा, माझं कफनाचं माप घेतेस काय?"

"गप, अवदसे. तुमच्यात कफन असतं काय?"

"मंग दोरा कशाला गुंडाळतेस?"

"तुझ्या पोरीला खरं कळायला पायजे. तू तर चोरटी निघालीस."

आई हसते, मग खोकते, मग वहिनी फोन भिंतीकडं वळवते. भिंतीवर पाल दिसते, कॅलेंडर दिसतं. मी त्या भिंतीकडं बघत बसते आणि खोकला संपायची वाट बघते. गेल्या शुक्रवारी गाठ एकोणतीसला आली. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही एकोणतीसच होती. म्हणजे एक आठवडा ती जागच्या जागी थांबली. तेवढ्यावर मी सात दिवस काढले. दुकानातल्या यंत्रावर मी आता रोज बायकांची मापं घेते, आणि ब्लाउज आणि पडदा ह्यांच्यात फरक आला की बाईला फोन करते, आवाज चोरट्यासारखा बारीक होतो माझा. बायका वैतागतात. एक म्हणाली, "अहो, दोन इंचांसाठी किती चौकशी!" मी म्हटलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

वैशाख यायला अजून अकरा शुक्रवार आहेत. मी पोचेन तेव्हा काय असेल, ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक करून देणारं कुठलंच साधन कुणाकडं नाही. माझ्या हातात काही नाही. मी वाट बघते, शिवते, वाट बघते.

चाचीला मी परवा म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, "फेडतेस कसली, नीट जेव." पण चाची, हे मी लिहून ठेवते. तुझी सून तुझ्या डोळ्यांबद्दल काही बोलत नाही, अश्फाकला विचारलं की तो विषय बदलतो. तू सगळ्यांची मापं घेतलीस आणि तुझं कधी कुणी घेतलं नाही. एक दिवस मी परत येईन. त्या दिवशी तुझ्याबद्दल घरात जे कुजबुजत असतील ते मी आधी शोधून काढीन, आणि कितीही वाईट असलं, तू कितीही नको म्हणालीस, तरी तुझा हात धरून तुला खरं सांगीन. आणि मग उठून जाणार नाही, तुझ्याजवळ बसून राहीन.